नॅप्थलीन ते पेंटासीन: सरळ रांगेतल्या वलयांच्या ऊर्जापातळ्या वहीत एक आणि संगणकावर दुसऱ्या का येतात?

सिंदफणा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार. मी माजलगावकडची, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिक रसायनशास्त्र. प्रकल्पाला असीन कुळातले रेणू घेतलेत. बेंझीनची षटकोनी वलयं एकाला एक चिकटवत सरळ रांगेत मांडायची: दोन वलयं म्हणजे नॅप्थलीन, तीन अँथ्रासीन, चार टेट्रासीन, पाच पेंटासीन. रांग लांबते तसा रंग बदलतो. नॅप्थलीन आणि अँथ्रासीन पांढरे, टेट्रासीन नारिंगी, पेंटासीन गडद निळं. हा रंग गणितातून काढता येईल का, एवढ्या कुतूहलापायी हा विषय मी हट्टानं मागून घेतला.

दोन वाटांनी गेले. एक ह्युकेलची रीत (इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं सोडून देऊन पातळ्या हातानं काढायची), वहीत. दुसरी ओर्का नावाची प्रणाली (शैक्षणिक कामाला फुकट मिळते), स्वतःच्या लॅपटॉपवर, टीडी-डीएफटी पद्धत (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून उत्तेजित अवस्था काढणारी), बी-थ्री-एल-वाय-पी फंक्शनल (त्यात वापरायचं एक ठरावीक सूत्र). गावात रात्री लाईट टिकली तरच गणित पुरं होतं, पेंटासीनचं तीनदा अर्ध्यात तुटलं.

आता अडचण. ह्युकेलमध्ये होमो (भरलेल्या पातळ्यांतली सगळ्यात वरची) आणि लुमो (रिकाम्यांतली सगळ्यात खालची) यांच्यातलं अंतर बीटाच्या (शेजारच्या कार्बनवर उडी मारण्याच्या ऊर्जेच्या) पटीत असं येतं: नॅप्थलीन १.२३६, अँथ्रासीन ०.८२८, टेट्रासीन ०.५९०, पेंटासीन ०.४३९. बीटा २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरला की नॅप्थलीनला २.९७ मिळतात, द्रावणातलं मोजमाप मात्र सुमारे ४.३. पेंटासीनला १.०५ मिळतात, मोजमाप २.१. म्हणजे निम्मंच! संगणकाचे आकडे जवळ येतात, पण वलयं वाढतील तसे तेही मोजमापाच्या खाली घसरत जातात. आणि नॅप्थलीनची सगळ्यात खालची उत्तेजित अवस्था पुस्तकात एक, माझ्या आउटपुटमध्ये दुसरीच.

परिसंवादात हे मांडलं तेव्हा परीक्षक म्हणाले, सॉफ्टवेअरचे आकडे ठेवा, ह्युकेलचं पान काढून टाका, ती जुनी गोष्ट झाली. मला ते पान काढवत नाही. आकडे चुकलेत, पण क्रम तर बरोबर येतोय ना? कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा, माझं नेमकं कुठं अडलंय?

---

तेरणाकाठ (रविवार, रात्री १०:२५)

ते पान काढू नकोस, बाळा. एकतीस वर्षं वर्गात शिकवलं मी हे, आणि असीनसारखी सुंदर उदाहरणं ह्युकेलला दुसरी नाहीत.

तू बहुधा मोठी सारणी मांडून पातळ्या काढल्यास. एकदा शिडी म्हणून बघ. असीन म्हणजे आडवी ठेवलेली शिडी: वर एक साखळी, खाली एक साखळी, मध्ये पायऱ्या. वलयं न असतील तर प्रत्येक साखळीत २न+१ कार्बन आणि पायऱ्या न+१. शिडी वर-खाली सारखीच असल्यामुळे प्रत्येक अवस्था दोहोंपैकी एका जातीची असते. एक तर वरच्या आणि खालच्या साखळीवर लाटेचं चिन्ह तेच, नाही तर उलट. जात ठरली की पायरी उरतच नाही. चिन्ह तेच असेल तर पायरीच्या टोकाचा कार्बन एका बीटानं खाली बसतो, उलट असेल तर एका बीटानं वर चढतो. दोन साखळ्यांचं गणित एका साखळीचं होऊन जातं.

आता अल्फाला (एकट्या कार्बनवरच्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला) शून्य माना आणि ऊर्जा बीटाच्या पटीत 'ई' म्हणा. समान चिन्हासाठी मिळतं:

ई × (ई − १) = २ + २ कॉस(क × पाय ÷ (न+१)), क = १ पासून न पर्यंत.

उलट चिन्हासाठी वजा एकच्या जागी अधिक एक. शिवाय दोन सुट्या पातळ्या, अधिक एक आणि उणे एक. झालं, अख्खं कूळ एका ओळीत.

नॅप्थलीन घे. न = २, क = २, कॉस १२० अंश म्हणजे उणे अर्धा, उजवी बाजू बरोबर १. म्हणजे ई × (ई + १) = १. हे समीकरण कुठं पाहिलंयस? सुवर्ण गुणोत्तराचं आहे! उत्तर ०.६१८, तीच होमो. दुप्पट केलं की तुझे १.२३६. अँथ्रासीनला दोनचं वर्गमूळ वजा एक, ०.४१४. हे मी फळ्यावर सोडवायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वही उघडायची.

आणि होमो उलट चिन्हाची, लुमो समान चिन्हाची. म्हणजे होमोतून लुमोत उडी मारताना इलेक्ट्रॉनचा ढग शिडीच्या रुंदीच्या दिशेनं हलतो, लांबीच्या नव्हे. हे लिहून ठेव, पुढं लागेल.

---

कयाधू (रविवार, रात्री ११:०२)

मी बी.एस्सी. अर्ध्यात सोडून शेती करतो, पण धागा वाचून झोप उडाली. नॅप्थलीन म्हणजे आपली डांबरगोळीच ना? मग डांबरी रस्त्यात पण हेच रेणू असतात का? आणि पांढरी गोळी आणि निळं पेंटासीन यात फरक फक्त तीन वलयांचा?

---

दुधना (सोमवार, सकाळी ७:१५)

कयाधूदादा, जुनी डांबरगोळी नॅप्थलीनचीच. आता बाजारात बऱ्याच गोळ्या पॅरा-डायक्लोरोबेंझीनच्या येतात, म्हणून पाकीट वाचून घ्या. 'डांबर' हे नाव दगडी कोळशाच्या डांबरावरून आलं. हवा न लागू देता कोळसा तापवला की ते सुटतं. त्यातूनच १८३२ मध्ये ड्यूमा आणि लोराँ यांनी अँथ्रासीन वेगळं काढलं. रस्त्यावरचं आजचं डांबर मात्र खनिज तेलातून येतं. आणि हो, फरक तीन वलयांचाच. नॅप्थलीन प्रकाश शोषतं ते जंबुपार भागात, डोळ्याला काहीच दिसत नाही म्हणून पांढरं. पेंटासीन ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा-नारिंगी प्रकाश गिळतं, उरलेला निळसर आपल्याला दिसतो.

सिंदफणा, मी जालन्याकडचा, वर्णपटमापीवर बसणारा माणूस. एक सावधगिरी. तू 'मोजमाप' म्हणून जो आकडा घेतलास तो शिखराचा आहे, आणि शिखरं अनेक असतात. अँथ्रासीनचा वर्णपट बघ: ३७६, ३५७, ३४० नॅनोमीटरच्या आसपास एकापाठोपाठ एक टेकड्या. अवस्था एकच. प्रत्येक टेकडी म्हणजे तीच इलेक्ट्रॉनी उडी, फक्त सोबत कार्बन सांगाड्याच्या कंपनाचा एकेक पुंजही चढलेला. पहिली टेकडी म्हणजे कंपनाशिवायची उडी. तुझा संगणक काढतो ती सरळ उभी उडी, अणू जागचे न हलता. ती पहिल्या टेकडीपेक्षा वरच असायला हवी. शिवाय द्रावणात सगळंच थोडं खाली सरकतं: अँथ्रासीनची पहिली टेकडी वायुरूपात ३६१ नॅनोमीटरला असते, द्रावणात ३७५ च्या पुढं.

म्हणजे बघ, तुझे आकडे शिखरापेक्षा कमी येत असतील तर खरी चूक तुला दिसते त्याहून मोठी आहे.

---

मन्याड (सोमवार, दुपारी १:३०)

नांदेडकडचा. सध्या पीएच.डी. करायलोय, याच धर्तीच्या गणितात. सिंदफणा, तू जे करायलीस ते बरोबरच आहे. पद्धतीची खोड तू स्वतः शोधून काढलीस.

आधी अवस्थांची नावं. असीनमध्ये खाली दोन अवस्था महत्त्वाच्या, प्लॅटच्या भाषेत एल-ए आणि एल-बी. एल-ए म्हणजे सरांनी सांगितलेली होमो-लुमो उडी, रुंदीच्या दिशेची, बऱ्यापैकी ठळक. एल-बी लांबीच्या दिशेची, फार फिकी. ती फिकी का, हे ह्युकेलच सांगतो. होमोच्या खालच्या पातळीतून लुमोत, आणि होमोतून लुमोच्या वरच्या पातळीत, या दोन उड्यांची ऊर्जा तंतोतंत सारखी. अशा रेणूत पातळ्या शून्याच्या वर आणि खाली जोडीजोडीनंच येतात, १९४० ची कूल्सन आणि रशब्रूक यांची सिद्धता. सारख्या दोन उड्या मिसळतात. बेरजेतून प्रचंड ठळक अवस्था वर जाते, वजाबाकीत एकमेकींना मारून फिकी एल-बी खाली येते.

नॅप्थलीनमध्ये एल-बी खाली, एल-ए वर. अँथ्रासीनपासून एल-ए खाली जाते आणि वलयं वाढतील तशी झपाट्यानं उतरते. एल-बी सावकाश. रंग येतो तो एल-ए मुळं.

आता बी-थ्री-एल-वाय-पी. २००३ मध्ये ग्रिमे आणि पाराक यांनी नेमकं हेच दाखवलं: एल-ए गरजेपेक्षा खाली पडते, आणि रेणू लांबला की चूक वाढत जाते. एल-बी उलट थोडी वर राहते. म्हणून नॅप्थलीनमध्ये क्रमच उलटतो. तुझ्या आउटपुटमधली पहिली अवस्था रुंदीच्या दिशेची आहे का बघ. असेल तर ती एल-ए, आणि पुस्तक बरोबर आहे.

कारण असं. एल-ए अवस्थेत विद्युतभार शेजारच्या अणूंमध्ये इकडून तिकडं सरकलेला असतो, एकावर जास्त, शेजाऱ्यावर कमी. वरून बघितलं तर रेणू सगळीकडं सारखाच दिसतो, म्हणून हे सरकणं झाकलेलं राहतं. असा भार वेगळा करायला जी किंमत मोजावी लागते ती या फंक्शनलमध्ये कमी धरली जाते. दूर अंतरावर विनिमय (सारख्या फिरकीचे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात त्याची ऊर्जा) जास्त प्रमाणात धरणारी फंक्शनल वापर, कॅम-बी-थ्री-एल-वाय-पी किंवा ओमेगा-बी-९७-एक्स-डी. एल-ए सुधारेल. पण एल-बी आणखी वर जाईल. दोन्ही एकदम बरोबर देणारं फंक्शनल मला अजून सापडलेलं नाही. सीसी-टू पद्धत (इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना टाळणं थेट मोजणारी) लॅपटॉपला जड जाते, पण नॅप्थलीन-अँथ्रासीनपुरती करून बघ.

---

कयाधू (सोमवार, संध्याकाळी ६:५०)

एल-ए, एल-बी अवस्था असतात हे मान्य. पण त्या मुळात दोनच का? कुणी समजेल असं सांगेल का? मी गणितात कच्चा नाही, फक्त सवय मोडलीय.

---

तेरणाकाठ (सोमवार, रात्री ८:१०)

सांगतो. तुम्ही शेतकरी, तुम्हाला हे पटकन कळेल. खळं आठवा. मध्ये तिवडा रोवलेला, भोवती बैलांची पात फिरतेय. प्लॅटनं १९४९ मध्ये असंच चित्र मांडलं. रेणूच्या आतले बंध तात्पुरते विसरा, फक्त काठ घ्या. नॅप्थलीनच्या काठावर दहा कार्बन, दहा इलेक्ट्रॉन, आणि ते काठानं गोल फिरतात.

फेरीचा वेग कसाही असत नाही. लाट एका फेरीत पूर्ण बसली पाहिजे, म्हणून वेग शून्य, एक, दोन, तीन अशा पायऱ्यांनीच. शून्य सोडला तर प्रत्येक वेग दोन दिशांनी, डावीकडून आणि उजवीकडून. एका जागी दोन इलेक्ट्रॉन. शून्यावर दोन, एकवर चार, दोनवर चार, झाले दहा. खळं भरलं.

आता प्रकाश एका इलेक्ट्रॉनला दोनवरून तीनवर ढकलतो. दोन दिशांपैकी कुठल्याही दिशेतून निघून कुठल्याही दिशेत जाता येतं, म्हणून वाटा चार. दोन वाटांत दिशा तीच राहते, वेग फक्त एकानं वाढतो. प्रकाशाला हे सहज जमतं, या ठळक अवस्था. उरलेल्या दोन वाटांत दिशाच उलटते: अधिक दोनवरून उणे तीनवर, फरक पाचाचा. फिरती पात क्षणात उलटी वळवण्यासारखं आहे ते, प्रकाशाच्या एका धक्क्यात होत नाही. या दोन वाटांतून ज्या दोन अवस्था होतात त्या एल-ए आणि एल-बी.

मग नॅप्थलीनमधला मधला बंध परत घाला. खळ्यात आडवं लाकूड टाकल्यासारखं. दोन्ही दिशा आता एकमेकींत मिसळतात, दोन एल अवस्था फाकतात, आणि एल-ए ला थोडी ठळकता उसनी मिळते. अँथ्रासीनला चौदा कार्बनांचा काठ, फरक सातचा. रीत तीच.

---

कयाधू (सोमवार, रात्री ८:३२)

सर, आता बसलं डोक्यात. खळ्यावर लहानपणी बैलांमागं मीच फिरायचो.

---

सिंदफणा (मंगळवार, रात्री ११:४५)

सगळ्यांचे मनापासून आभार. मन्याडदादा, तपासलं. पहिली अवस्था रुंदीच्या दिशेचीच होती. म्हणजे चूक माझ्या इनपुटमध्ये नव्हती. दोन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होते.

आज वेगळं काही केलं. ह्युकेलचं अंतर आडव्या अक्षावर आणि मोजलेली एल-ए ऊर्जा उभ्या अक्षावर घेतली. चार ठिपके: (१.२३६, ४.३), (०.८२८, ३.३), (०.५९०, २.६), (०.४३९, २.१). ठिपके जवळजवळ एका रेषेत! लघुतम वर्गांच्या रीतीनं उतार सुमारे २.७ आला. पण रेषा शून्यातून जात नाही. उभ्या अक्षाला ती ०.९६ वर छेदते.

म्हणजे ह्युकेलची चूक वेडीवाकडी नाही. प्रत्येक रेणूत जवळपास तेवढीच, एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातली. हा एक इलेक्ट्रॉन व्होल्ट कुठून येतो?

---

मन्याड (बुधवार, सकाळी ९:२०)

वा! हा आलेख प्रबंधात पहिल्या पानावर टाक.

तो एक व्होल्ट म्हणजे ह्युकेलनं जे गाळलं ते. त्याच्या गणितात इलेक्ट्रॉन एकमेकांना बघतच नाहीत. प्रत्येक जण रिकाम्या घरात एकटाच असल्यासारखा. खरं तर त्यांच्यात प्रतिकर्षण असतं. १९५३ मध्ये पॅरिसर आणि पार यांनी, आणि स्वतंत्रपणे पोपल यांनी ते घातलं. तिघांच्या नावावरून पीपीपी प्रतिमान. ह्युकेलची साखळी तशीच ठेवायची, वर दोन गोष्टी घालायच्या: एकाच कार्बनवर दोन इलेक्ट्रॉन आले तर एक किंमत, आणि दूरच्या कार्बनांवर असतील तर अंतरानुसार कमी होत जाणारी किंमत. पॅरिसरनं १९५६ मध्ये हेच प्रतिमान असीन कुळावर चालवलं. सत्तर वर्षं होत आली, अजून लोक त्यावर बांधायलेत. पवईच्या आयआयटीत आलोक शुक्ला आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. रामशेष यांच्या गटांनी याच प्रतिमानातून असीनवर मोठं काम केलंय.

अडचण एकच, प्रतिकर्षण घातलं की गणित फुगतं. नॅप्थलीनमध्ये दहा जागा, पाच इलेक्ट्रॉन वर-फिरकीचे, पाच खाली-फिरकीचे. दहातून पाच जागा निवडायचे प्रकार २५२, दोन्हींचा गुणाकार ६३,५०४. फोनवर सुद्धा होईल. अँथ्रासीनला १ कोटी १७ लाख. टेट्रासीनला २३६ कोटी. पेंटासीनला ४९,७६३ कोटी, नुसती एक अवस्था साठवायलाच सुमारे चार टेराबाइट लागतात. एकेक वलय वाढलं की दोनशे पट.

म्हणून डीएमआरजी, स्टीव्हन व्हाइट यांची १९९२ ची पद्धत. सरांची शिडी एका जागी कापा. डाव्या तुकड्याच्या असंख्य अवस्थांपैकी उजव्या तुकड्याशी ज्यांचं घट्ट नातं आहे तेवढ्याच ठेवा, बाकी सोडा. मग काप एक घर पुढं सरकवा. शिडी अरुंद, त्यामुळं कापावरचं नातं मर्यादित राहतं आणि थोड्याच अवस्थांत काम भागतं. ग्राफीनसारख्या रुंद पत्र्याला ही युक्ती इतकी सहज लागू पडत नाही. असीन मात्र तिच्यासाठीच बनल्यासारखे आहेत.

---

दुधना (बुधवार, सकाळी ९:५५)

सिंदफणा, एक करून बघ. ट्रिपलेट अवस्थांचे (दोन सुट्या इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेची) आकडे घे आणि तोच आलेख काढ. सगळ्यात खालची ट्रिपलेट: नॅप्थलीन २.६४, अँथ्रासीन १.८५, टेट्रासीन १.२७, पेंटासीन ०.८६. मी काही सांगत नाही, तूच बघ.

---

सिंदफणा (बुधवार, रात्री १०:१०)

दुधनादादा!! हे बघा.

उतार २.२, आणि छेद उणे ०.०६. म्हणजे शून्यच! ट्रिपलेटची रेषा सरळ मूळबिंदूतून जातेय. कागदावर दोन्ही रेषा शेजारी काढल्या आणि बराच वेळ बघत बसले. आईला बोलावून दाखवलं. तिला दोन रेषांच्या पलीकडं काही कळलं नाही, पण ती शेजारी बसून राहिली.

ह्युकेलला सिंगलेट (फिरक्या उलट, आधीची एल-ए तीच) आणि ट्रिपलेट यातला फरक माहीतच नाही. तो दोघांनाही एकच आकडा देतो. मग तो आकडा ट्रिपलेटच्या इतका जवळ का जातो आणि सिंगलेटपासून एका व्होल्टनं का चुकतो?

---

मन्याड (बुधवार, रात्री ११:३०)

जेवण बाजूला ठेवून लिहायलोय.

होमोत एक आणि लुमोत एक असे दोन इलेक्ट्रॉन आहेत. फिरकी एकाच दिशेची असली, म्हणजे ट्रिपलेट, तर पाउलीच्या नियमानं ते एका जागी येऊच शकत नाहीत. आपोआप दूर राहतात, प्रतिकर्षणाची किंमत वाचते. सिंगलेटमध्ये ही सूट नाही, भेटले की किंमत भरा. दोघांतला फरक म्हणजे विनिमय ऊर्जेची दुप्पट.

ती असीनमध्ये एवढी मोठी का? परत जोडीची सिद्धता. होमो आणि लुमो एकमेकींच्या जोडीदार, म्हणून प्रत्येक कार्बनवर दोघींचा वाटा तंतोतंत सारखा, फरक फक्त काही ठिकाणच्या चिन्हाचा. जिथं होमो दाट तिथंच लुमोही दाट. दोन इलेक्ट्रॉन त्याच त्या कार्बनांवर वावरतात, त्यामुळं भेटण्याची किंमत भरपूर. तुझ्या आकड्यांतून वजाबाकी कर: १.६६, १.४५, १.३३, १.२४. अंतर स्वतः तिपटीनं कमी झालं, पण हा फरक फक्त चतुर्थांशानं. म्हणूनच छेद जवळपास स्थिर दिसतो. मूळबिंदूतून जाणं तंतोतंत सिद्ध होणारी गोष्ट नव्हे, ट्रिपलेटवरही इतर परिणाम असतात आणि ते इथं एकमेकांना बरेचसे तोलतात. पण चित्राचा गाभा हाच.

याचा एक मोठा परिणाम. सिंगलेट सावकाश उतरते, ट्रिपलेट वेगानं. कुठंतरी सिंगलेटची ऊर्जा ट्रिपलेटच्या दुपटीएवढी होते. पेंटासीनमध्ये दुप्पट १.७२, आणि स्फटिकातली सिंगलेट १.८ च्या वर. म्हणजे प्रकाशाच्या एका कणानं बनलेली सिंगलेट फुटून शेजारशेजारच्या दोन रेणूंवर दोन ट्रिपलेट होऊ शकतात. सिंगलेट फिशन म्हणतात त्याला. टेट्रासीन अगदी उंबरठ्यावर. सौरघटात एका फोटॉनकडून दोन इलेक्ट्रॉन काढायचे स्वप्न यावरच उभं आहे, आणि मराठवाड्यासारख्या उन्हाच्या मुलखात त्याचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

---

तेरणाकाठ (गुरुवार, सकाळी ६:४०)

पहाटे वाचलं. निवृत्तीनंतर इतका आनंद क्वचित झाला.

सिंदफणा, प्रस्तावनेत एक परिच्छेद आपल्या देशातल्या कामावरही लिही. १९३० च्या आसपास कोलकात्यात के. बॅनर्जी यांनी नॅप्थलीन आणि अँथ्रासीनच्या स्फटिकांची रचना क्ष-किरणांनी उलगडली. त्याच सुमारास ढाक्यात के. एस. कृष्णन यांनी अशा स्फटिकांना चुंबकीय क्षेत्रात टांगून दाखवलं की त्यांचा प्रतिसाद वेगवेगळ्या दिशांना वेगळा असतो. ह्युकेलनं बेंझीनचं गणित मांडलं १९३१ साली. दोन्हीकडं एकाच काळात हात चालू होते.

आणि एक शंका, मन्याड. ह्युकेलच्या सूत्रात न वाढवत नेलं की अंतर शून्याकडं जातं. तिची सिंगलेटची रेषा मात्र म्हणते एका व्होल्टवर थांबेल. खरं काय?

---

मन्याड (गुरुवार, दुपारी २:१५)

सर, चार ठिपक्यांची रेषा तेवढी लांब ताणायची नाही. सहा-सात वलयांनंतर जमिनी अवस्थाच (सगळ्यात खालची, उत्तेजित नसलेली) बदलायला लागते. क्लारच्या नियमानं सरळ रांगेत किती का वलयं असेनात, पूर्ण षटक (बेंझीनसारखं सहा इलेक्ट्रॉनांचं स्थिर कडं) एकाच वलयाच्या वाट्याला येतं. उरलेली त्याच्यावर दिवस काढतात. म्हणून लांब असीन कमजोर. २००४ मध्ये बेंडिकोव्ह आणि सहकाऱ्यांनी गणितानं दाखवलं की हेक्सासीनपासून पुढं जमिनी अवस्था दोन सुटे इलेक्ट्रॉन असलेली सिंगलेट होते. २००७ मध्ये हाखमान, चान आणि सहकाऱ्यांनी डीएमआरजीनं बारा वलयांपर्यंत जाऊन बघितलं. जमिनी अवस्था शेवटपर्यंत सिंगलेटच राहते, पण सुट्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण लांबीबरोबर वाढत जातं, दोनावर थांबत नाही.

प्रयोगही मागं नाहीत. २०१० मध्ये आठ आणि नऊ वलयांचे असीन गोठवलेल्या आर्गॉनमध्ये धरून ठेवले. २०२० मध्ये सोन्याच्या पृष्ठभागावर बारा वलयांचं डोडेकासीन बनलं, आणि तिथं अंतर आणखी घटायच्या ऐवजी परत वाढलेलं दिसलं. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ह्युकेलसारखं शून्यावर जात नाही, आणि तिच्या रेषेवरही राहत नाही. पेंटासीनपर्यंत मात्र रेषा भरवशाची.

---

दुधना (गुरुवार, दुपारी ३:००)

प्रयोगशाळेत स्वतः वर्णपट घेणार असशील तर पेंटासीनचं द्रावण अंधारात ठेव आणि लगेच मोज. उजेड आणि हवा मिळाली की मधल्या वलयावर ऑक्सिजन बसतो आणि निळा रंग डोळ्यांदेखत उडतो. घट्ट अँथ्रासीनच्या द्रावणाला जंबुपार प्रकाशात फार वेळ ठेवू नकोस, दोन-दोन रेणू जोडले जातात.

---

सिंदफणा (गुरुवार, रात्री ९:२०)

ह्युकेलचं पान राहणार. त्याच्या पुढं दोन रेषांचा आलेख, मग सरांची शिडी, मग बी-थ्री-एल-वाय-पी आणि कॅमची तुलना. परीक्षकांना छेदाचं कारण मी स्वतः फळ्यावर सांगणार आहे.

शेवटचं एक. नॅप्थलीनचं पीपीपी पायथॉनमध्ये लिहायला बसलेय. ६३,५०४ ची सारणी, बहुतेक शून्यांनी भरलेली, हे जमेल. पण प्रतिकर्षणाचे आकडे काय घेऊ? आणि बंधांची लांबी सगळीकडं सारखी धरली तर चालेल का?

---

मन्याड (गुरुवार, रात्री १०:०५)

ओनोचं सूत्र घे. एकाच कार्बनवर ११.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि अंतर 'अ' अँगस्ट्रॉम असेल तर ११.२६ ला (१ + ०.६११७ × अ²) च्या वर्गमूळानं भाग. उडीचा आकडा (म्हणजे बीटा, चिन्हासकट) उणे २.४. बंध सगळे १.४ अँगस्ट्रॉम धर, पहिल्या फेरीला पुरेसं आहे. आधी दोन कार्बनांचं एथिलीन सोडव, चारच अवस्था येतात, हातानं पडताळता येतात. ते जुळलं की मगच नॅप्थलीनला हात घाल. आणि दर पन्नास आवर्तनांनी फाइल सेव्ह होईल असं लिही, म्हणजे लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नको.